शेवटी आलेली नोंद खरी? स्कायरिमच्या मॉड फाइलींचं एक परीक्षण

एक लोखंडी तलवार घ्या. 'स्कायरिम' या खेळात ती अगदी सुरुवातीलाच हाती लागते. मूळ खेळात तिचा मारा ७, वजन ९ आणि किंमत २५. आता समजा, तुम्ही दोन मॉड उतरवून घेतलेत. पहिल्याने तलवारीचा मारा ७ वरून ९ केला आहे. दुसऱ्याला माऱ्याशी काही देणंघेणं नाही, त्याने फक्त वजन ९ वरून ६ वर आणलंय. यादीत पहिला वर, दुसरा खाली. दोन्ही चालू करून खेळात शिरलात, तलवार उचलून बघितलीत, तर वजन ६ आहे पण मूळ मारा ७ चा ७ च. (पात्राच्या कौशल्यामुळे आकड्यात पडणारा फरक इथे सोडून देऊ.) पहिला मॉड बंद पडलेला नाही. यादीत दिसतोय. एररचा मेसेज कुठेही नाही. मग माऱ्यात वाढवलेले ते २ गेले कुठे?

आजची पोस्ट या दोन गुणांच्या शोधात आहे. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाही नाही त्यांनी पान बंद करू नका. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला लवकरच अशा फाइली हाताळाव्या लागतात, ज्यांत अनेक माणसांनी एकाच गोष्टीबद्दल काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. त्यातलं खरं कुठलं, हे कोण आणि कसं ठरवतं? स्कायरिमची मॉड फाइल या प्रश्नाचं एक ठाम उत्तर देते. ते उत्तर मला अर्धं फार आवडतं आणि अर्धं चुकीचं वाटतं. का, ते सांगतो.

नोंद दिसते कशी

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच खेळात केलेला बदल. बेथेस्डा या कंपनीच्या खेळांत ही परंपरा जुनी आहे. २००२ च्या 'मोरोविंड'बरोबर कंपनीने आपलं संपादनाचं साधन खेळाडूंच्या हाती दिलं, २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये फाइलीची रचना बरीच बदलली, आणि २०११ च्या स्कायरिममध्ये ती थोड्याफार फरकाने तशीच पुढे आली. मूळ खेळाचं जग ईएसएम या प्रकारच्या मोठ्या फाइलीत असतं, मॉड बहुधा ईएसपी या प्रकारच्या छोट्या फाइलीत. आतून दोन्ही सारख्याच.

अशा फाइलीत गट असतात, गटांत नोंदी असतात आणि नोंदीत फील्ड असतात. सगळ्या हत्यारांचा एक गट, सगळ्या पात्रांचा एक, असं. लोखंडी तलवार ही एक नोंद. त्या नोंदीला सुरुवातीला २४ बाइटचं एक शीर्ष असतं. पहिल्या ४ बाइटमध्ये प्रकाराची चार अक्षरं, पुढच्या ४ मध्ये नोंदीतल्या माहितीची लांबी, मग ४ बाइट ध्वजांचे, मग ४ बाइट ओळख-क्रमांकाचे. उरलेल्या ८ मध्ये तारीख, आवृत्ती अशा किरकोळ गोष्टी. शीर्षानंतर एकामागून एक फील्ड येतात. प्रत्येक फील्डलाही स्वतःचं ६ बाइटचं छोटं शीर्ष असतं, ४ बाइट नावाला आणि २ बाइट लांबीला.

लांबी आधी लिहिण्याची ही सवय साधी दिसते, पण फार शहाणपणाची आहे. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला एखादं फील्ड ओळखता आलं नाही तरी त्याला अडखळायची गरज नाही. लांबी माहीत आहे, तेवढे बाइट ओलांडून तो पुढे जातो. खेळाडूंनी हेक्स एडिटर घेऊन या फाइलींचा तळ शोधला आणि विकीवर त्याची बारीक कागदपत्रं तयार केली, ते शक्य झालं त्यात या रचनेचाही वाटा आहे. सगळं कळायच्या आधी थोडं कळू शकतं, ही कुठल्याही डेटासाठी मोठीच सोय.

अर्थात ठिगळंही आहेत. लांबीला २ बाइट दिले की फील्ड ६५,५३५ बाइटपेक्षा मोठं होऊ शकत नाही. मग मोठं फील्ड आलं तर? त्यावर काढलेली युक्ती म्हणजे त्या फील्डच्या आधी चार 'एक्स' नावाचं एक नकली फील्ड ठेवायचं आणि त्यात पुढच्याची खरी लांबी लिहायची. जुन्या वाड्याला काढलेल्या पोटमाळ्यासारखी ही सोय. काम भागतं, पण हा माळा आहे हे ज्याला माहीत नाही त्याचा प्रोग्रॅम नेमका तिथेच आपटतो.

ओळख: या रचनेचा सगळ्यात चांगला भाग

लोखंडी तलवारीचा ओळख-क्रमांक आहे ०००१२ईबी७. मोजणी सोळाच्या पायावरची आहे, म्हणून त्यात 'ई' (चौदा) आणि 'बी' (अकरा) दिसतात. एकूण आठ अंक. पहिले दोन सांगतात की ही वस्तू मुळात कुठल्या फाइलीत जन्मली, उरलेले सहा सांगतात त्या फाइलीतली ती कितवी. ०० म्हणजे खेळाची मुख्य फाइल.

आता एक अडचण बघा. मॉड करणाऱ्याला आपली फाइल उद्या कुणाच्या संगणकावर कितव्या जागी बसेल हे ठाऊक नसतं. एकाकडे दहा मॉड, दुसऱ्याकडे दोनशे. मग पहिले दोन अंक लिहायचे तरी काय? उत्तर असं आहे की प्रत्येक मॉड फाइल सुरुवातीलाच आपण कुणावर अवलंबून आहोत याची यादी देते. या आधारभूत फाइलींना मास्टर म्हणतात. फाइलीच्या आत हे दोन अंक त्या यादीतलं स्थान दाखवतात. एकच मास्टर असेल तर ०० म्हणजे तो मास्टर आणि ०१ म्हणजे मी स्वतः. खेळ सुरू होताना या मॉडला जी जागा मिळेल त्याप्रमाणे ०१ चं रूपांतर होतं. शून्यापासून मोजून ४२ वी जागा मिळाली तर ०१ चं २ए होतं.

म्हणजे प्रत्येक फाइल आपल्यापुरत्या बोलीत बोलते, आणि त्या बोलीचा अर्थ कसा लावायचा हे फाइलीच्या पहिल्याच नोंदीत लिहिलेलं असतं. मोरोविंडमध्ये असं नव्हतं. तिथे वस्तूची ओळख म्हणजे तिचं अक्षरी नाव. दोन अनोळखी माणसांनी आपापल्या नव्या वस्तूला योगायोगाने एकच नाव दिलं, की खेळ त्यांना एकच वस्तू समजायचा. तुमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये तिघांनी आपापल्या नळीवर 'सॅम्पल १' लिहिलं तर काय होतं, तेच. ऑब्लिव्हियनपासून आलेली क्रमांकांची पद्धत हा गोंधळ मुळातून मिटवते.

दुसरी चांगली गोष्ट अशी की मॉड मूळ फाइलीला हात लावत नाही. तलवारीचा मारा बदलायचा तर मॉड आपल्याच फाइलीत तलवारीची एक नवी नोंद ठेवतो, ओळख-क्रमांक मात्र मूळ तलवारीचाच. खेळ सगळ्या फाइली क्रमाने वाचतो, एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी दिसल्या तर नंतरची धरतो. याला ओव्हरराइड म्हणतात. मॉड काढून टाकला की तलवारीची मूळ नोंद जशीच्या तशी समोर. कच्चा डेटा जसा आला तसा जपायचा आणि दुरुस्त्या वेगळ्या फाइलीत ठेवायच्या, हा सल्ला तुम्हाला पुढे दहा जण देतील. इथे तो पाळलेला आहे.

आणि इथेच गाडी अडते

ओव्हरराइड होतो तो संपूर्ण नोंदीचा. पहिल्या मॉडच्या फाइलीत 'मारा ९ कर' अशी सूचना नाही. तिथे तलवारीची अख्खी नोंद आहे: नाव तेच, वजन ९, किंमत २५, मारा ९. दुसऱ्या मॉडमध्येही अख्खी नोंद: वजन ६, किंमत २५, मारा ७. दुसऱ्या मॉडच्या कर्त्याने माऱ्याचा विचारही केला नव्हता. पण मूळ नोंद उचलताना तो ७ तिच्याबरोबर आला, आणि शेवटी वाचला गेल्यामुळे जिंकला. आपल्या हरवलेल्या दोन गुणांचं उत्तर हे आहे. कुणीही न घेतलेल्या निर्णयाने ते पुसले.

तुम्ही म्हणाल, मग क्रम बदला. बदलून बघू. पहिला मॉड शेवटी आणला तर मारा ९ आणि वजनही ९. दुसरा शेवटी ठेवला तर वजन ६ आणि मारा ७. क्रम दोनच शक्य आहेत, आणि मारा ९ व वजन ६ हे दोघांनाही चालणारं उत्तर एकाही क्रमात मिळत नाही. मॉडची रांग आपोआप लावून देणारं 'लूट' नावाचं साधन लोकप्रिय आहे आणि उपयोगीही आहे, पण रांगेने सुटणारेच प्रश्न ते सोडवू शकतं. हा प्रश्न रांगेचा नाही.

मग फील्डच्या पातळीवर ओव्हरराइड केला असता तर? तेवढ्यानेही भागत नाही. हत्याराच्या नोंदीत किंमत, वजन आणि मारा ही तीन वेगळी फील्ड नाहीत. एकाच १० बाइटच्या फील्डमध्ये ती चिकटून बसली आहेत, ४ बाइट किमतीचे, ४ वजनाचे, २ माऱ्याचे. आपले दोन्ही मॉड एकाच फील्डमध्ये लिहीत होते. आतल्या बाइटचा अर्थ ठाऊक असल्याशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप हा आहे की ही नोंद 'आता काय आहे' एवढंच सांगते. 'मी काय बदललं' हे ती सांगत नाही. कर्ता संपादक उघडतो तेव्हा हे त्याला नक्की माहीत असतं. फाइल जतन होते आणि ती माहिती तिथेच गळून पडते. गंमत म्हणजे नोंदीच्या शीर्षात तारखेसाठी आणि आवृत्ती-नियंत्रणासाठी काही बाइट राखलेले आहेत. पण दोन नोंदी भांडल्या तर त्यातलं काहीच विचारात घेतलं जात नाही. तिथे चालते ती फक्त रांग.

यातून एक जुनाट दुखणं उभं राहतं. ओव्हरराइड म्हणजे त्या दिवशीच्या नोंदीची पूर्ण प्रत. समजा आपल्या वजनवाल्या मॉडनंतर सहा महिन्यांनी कुणी दुरुस्ती-मॉडने तलवारीच्या नोंदीतली दुसरीच एखादी चूक सुधारली. वजनवाला मॉड रांगेत खाली असेल तर तो त्या सुधारणेवर जुनी चूक परत आणून बसवतो, आणि त्याच्या कर्त्याला याचा पत्ताही नसतो.

हेतू परत शोधण्याची धडपड

फाइल जे सांगत नाही ते लोकांनी बाहेरून कसं शोधलं, हा या सगळ्यातला मला सर्वात शिकण्यासारखा वाटणारा भाग.

पहिलं साधन 'एक्सएडिट'. ऑब्लिव्हियनच्या काळात ते 'टेस४एडिट' नावाने आलं आणि पुढच्या खेळांसाठी वाढत गेलं. ते एक नोंद घेतं आणि तिच्या सगळ्या प्रती शेजारी शेजारी उभ्या स्तंभांत मांडतं: डावीकडे मूळ, मग रांगेने प्रत्येक मॉड. आडव्या ओळींत फील्ड. कुठे फरक आहे, कुठला बदल हरला, कुठला जिंकला, हे रंगाने कळतं. प्रत्येक प्रतीची मूळ नोंदीशी तुलना करून ते 'कुणी काय बदललं' हे पुन्हा उभं करतं. आपल्या तलवारीच्या बाबतीत लगेच दिसेल की एकाने मारा बदलला, दुसऱ्याने वजन, आणि तुम्ही तिसरी छोटी फाइल करून दोन्ही एकत्र आणू शकता. अशा फाइलीला पॅच म्हणतात.

पण पॅच हा महागडा उपाय आहे. २० मॉड एकमेकांशी भिडू शकत असतील तर जोड्या होतात १९०. प्रत्येक जोडीला पॅच लागत नाही हे खरं, पण वाढ कुठल्या दिशेने आहे ते बघा. शिवाय पहिले दोन अंक फाइलीला दिल्यामुळे एकावेळी चालणाऱ्या फाइलींना मर्यादा आहे. दोन अंकांत २५६ किंमती बसतात, त्यातली शेवटची खेळ चालताना निर्माण होणाऱ्या वस्तूंसाठी राखीव, उरल्या २५५. प्रत्येक फाइलीला मात्र १,६७,७७,२१६ क्रमांकांची ऐसपैस जागा. दोन नोंदींच्या पॅचलाही तेवढीच जागा! गावातल्या प्रत्येकाला शंभर एकर द्यायचे आणि मग गावात माणसं मावत नाहीत म्हणायचं, तसला हा हिशेब. पुढे २०१७ पासून 'हलक्या' फाइलींची सोय आली. एफई या एकाच जागेखाली ४,०९६ पर्यंत छोट्या फाइली, प्रत्येकीला सुरुवातीला २,०४८ नव्या नोंदींची मुभा. गर्दी कमी झाली. नोंदीत हेतू नसण्याचा प्रश्न मात्र आहे तिथेच राहिला.

आता एक्सएडिटची मर्यादा. तुलनेत फरक दिसतो, हेतू दिसत नाही. समजा एखाद्या मॉडमध्ये तलवारीची नोंद आहे, पण ती मूळ नोंदीशी बाइट-न्-बाइट सारखी आहे. काहीच बदललेलं नाही. याचा अर्थ काय? बहुतेक वेळा तो अपघात असतो. संपादकात तलवारीची खिडकी उघडली, बघितली, आणि 'कॅन्सल'ऐवजी 'ओके' म्हणून बंद केली, की नोंद बदलल्याचं धरलं जाऊ शकतं. अशा नोंदींना 'मूळाशी तंतोतंत' म्हणतात आणि त्या साफ करायचा सल्ला दिला जातो, कारण आधीच्या मॉडचे बदल त्या विनाकारण पुसतात. बेथेस्डाच्या स्वतःच्या डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न या अधिकृत फाइलींतही अशा नोंदी सापडल्या आहेत, म्हणजे हा नवशिक्यांचा दोष नव्हे.

पण कधी कधी तीच नोंद जाणूनबुजून ठेवलेली असते. आधीच्या कुणी केलेला बदल रद्द करून मूळ स्थिती परत आणायची असेल तर करणार काय? मूळ नोंदच पुन्हा लिहिणार. बाइट तेच, अर्थ बरोबर उलटा. एकात 'माझं काही म्हणणं नाही', दुसऱ्यात 'हेच माझं म्हणणं आहे'. जगातलं कुठलंही साधन फक्त फाइल बघून या दोघांतला फरक सांगू शकणार नाही, कारण तो फरक फाइलीत लिहिलेलाच नाही. विश्लेषण कितीही हुशार असलं तरी नोंदवताना जे गेलं ते गेलं.

यावर लोकांनी काढलेला एक मार्ग बघण्यासारखा आहे. खेळात कुठल्या पेटीत काय निघेल हे ठरवणाऱ्या याद्या असतात. दोन मॉडनी एकाच यादीत आपापली हत्यारं घातली तर नेहमीच्या नियमाने शेवटचाच जिंकतो. 'राय बॅश' हे साधन अशा याद्या एकत्र करून देतं. पण एकत्र करताना प्रश्न येतो: एका मॉडच्या यादीत मूळची एक वस्तू नाहीये, ती त्याने मुद्दाम काढली का? मुद्दाम काढली असेल तर एकत्र यादीतही ती नको. हे सांगायला त्या साधनाने खुणा ठरवल्या. मॉडचा कर्ता फाइलीच्या वर्णनात 'डीलेव्ह' असं लिहितो, म्हणजे 'मी काढलेलं खरंच काढलंय'. 'रीलेव्ह' लिहितो, म्हणजे 'मी बदललेल्या पातळ्या मुद्दाम बदलल्यात'. जी गोष्ट नोंदीत असायला हवी होती ती माणसांनी मोकळ्या मजकुरात, नियमबद्ध शब्दांत, परत लिहून ठेवली. या स्वरूपावरची सगळ्यात नेमकी टीका मला या दोन खुणा वाटतात.

काढून टाकण्याची गोष्टही अशीच. मूळ खेळातली एखादी खुर्ची मॉडने 'काढली' म्हणजे ती नाहीशी होत नाही, तिच्या नोंदीवर 'काढलेली' असा ध्वज लागतो. दुसरा मॉड त्याच खुर्चीचा आधार घेत असेल तर खेळ कोसळू शकतो. म्हणून साफसफाई करणारं साधन ती नोंद परत जिवंत करतं, तिला निष्क्रिय ठेवतं आणि नकाशाच्या खूप खाली नेऊन ठेवतं. नसणं नोंदवणं हे असणं नोंदवण्यापेक्षा अवघड असतं. तुमच्या तक्त्यातला रिकामा चौकोन म्हणजे 'मोजलं नाही', 'मोजलं पण शून्य आलं' की 'चुकीचं होतं म्हणून काढलं'?

दुसरी बाजू

इतकी टीका केल्यावर त्या रचनेची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ते परीक्षण कसलं.

अख्खी नोंद बदलण्यात एक हमी आहे: जिंकलेली नोंद कुणा एकाने पूर्ण बघून, तपासून ठेवलेली असते. फील्ड फील्ड उचलून जोडलेली नोंद कुणीच कधी पाहिलेली नसते. पात्रांचे चेहरे घ्या. चेहऱ्याचे काही तपशील पात्राच्या नोंदीत असतात, आणि घडवलेला चेहरा वेगळ्या फाइलीत. दोन्हींचा मेळ असावा लागतो. नोंद एका मॉडची आणि चेहऱ्याची फाइल दुसऱ्याची असं झालं की पात्राचा चेहरा काळपट पडतो आणि धड वेगळंच दिसतं. खेळाडूंना हा प्रकार चांगलाच परिचयाचा आहे. म्हणजे 'सगळे बदल आपोआप एकत्र करा' हा भाबडा उपाय आहे. काही फील्ड एकमेकांना बांधलेली असतात, त्यांना सुटं करून जोडलं तर नवीन चूक जन्माला येते. शिवाय 'शेवटचा जिंकतो' हा नियम कुणालाही एका वाक्यात समजतो आणि खेळ सुरू होताना तो लावायला वेळ लागत नाही. इतक्या लोकांनी इतके मॉड केले यात या साधेपणाचा वाटा मोठा आहे.

हे मान्य करूनही माझा आक्षेप उरतो, कारण बदल लिहून ठेवणं म्हणजे बदल आपोआप जोडणं नव्हे. पहिलं केलं तर दुसरं करायचं की नाही हे नंतर ठरवता येतं. पहिलं केलंच नाही तर ठरवायला काही उरत नाही. 'रिमवर्ल्ड' या खेळात वस्तूंच्या व्याख्या साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, आणि मॉडना अख्खी व्याख्या बदलण्याऐवजी 'या व्याख्येतल्या या जागेची किंमत एवढी कर' अशी सूचना लिहिता येते. तिथे आपल्या तलवारीचे दोन्ही मॉड सुखाने नांदले असते. स्कायरिममध्येही नंतर खेळाडूंनी अशी साधनं केली. 'स्पिड' नावाचं साधन 'अमुक प्रकारच्या पात्रांना तमुक वस्तू द्या' अशा सूचना खेळ चालू असताना अमलात आणतं आणि पात्राच्या नोंदीला हातच लावत नाही. म्हणजे लोक फिरून हेतूकडेच आले, फक्त त्यांना फाइलीच्या बाहेरून यावं लागलं.

तुमच्या टेबलावर

हे सगळं मी खेळाच्या निमित्ताने लिहितोय, पण मला ते पटलं एका तक्त्यामुळे. आमच्या गटात मोजमापांचा एक सामायिक तक्ता होता. मी काही ओळींतले आकडे उपकरणाच्या नव्या अंशांकनाप्रमाणे दुरुस्त केले. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने त्याच ओळींतली नमुन्यांची चुकलेली नावं सुधारली. तिने तिच्याकडच्या प्रतीत काम केलं आणि पूर्ण ओळी उचलून तक्त्यात चिकटवल्या. नावं बरोबर झाली, माझे आकडे जुने झाले. दोघांचंही काम चोख होतं. आलेखात ठिपक्यांचे दोन पुंजके दिसायला लागले तेव्हा आम्ही आधी त्याचं भौतिक कारण शोधत बसलो! पंधरा दिवस गेले. शेवटी जुनी प्रत सापडली म्हणून कळलं. सापडली नसती तर त्या पुंजक्यांना आम्ही काहीतरी छान नाव दिलं असतं, ही भीती मला अजून आहे.

म्हणून संशोधनाची तयारी करताना कुठलाही डेटा हाती आला की त्याला तलवारीचा प्रश्न विचारा. इथली एक ओळ म्हणजे कुणाचं तरी म्हणणं आहे, की नुसती सोबत आलेली प्रत? मूळ कुठे आहे? दोन ओळी भांडल्या तर कोण जिंकतं, आणि ते ठरवणारा नियम डेटात लिहिलाय की कुणाच्या तरी संगणकावरच्या रांगेत? स्कायरिममध्ये तेच मॉड वेगळ्या क्रमाने लावले की जग वेगळं होतं, त्यामुळे 'मी हे शंभर मॉड वापरले' एवढं सांगून कुणालाही तुमचं जग पुन्हा उभं करता येत नाही. आवृत्त्या आणि रांगही द्यावी लागते. शोधनिबंधातल्या 'पद्धती' या विभागाचं काम यापेक्षा फार वेगळं नाही.

आणि स्वतः दुरुस्ती कराल तेव्हा नव्या किमतीबरोबर चार गोष्टी लिहा: आधी काय होतं, काय केलं, कधी, आणि का. 'का' लिहायला सगळ्यात कंटाळा येतो. बाकीचे तीन तुलना करून उद्या कुणीतरी शोधून काढेल. चौथं फक्त तुम्हाला माहीत आहे, आणि तेही आजच.

जमलं तर एक प्रयोग करा. स्कायरिम असेल तर एक्सएडिटमध्ये दोन मॉड उघडून एकाच नोंदीचे स्तंभ शेजारी लावून बघा. खेळ नसेल तर तुमच्या गटातल्या कुठल्याही सामायिक तक्त्याच्या दोन जुन्या प्रती घ्या आणि ओळीला ओळ लावा. जिथे फरक दिसेल तिथे तो कुणी आणि कशासाठी केला हे आठवून लिहायचा प्रयत्न करा. किती ठिकाणी हात थांबतो ते मोजा. तेवढ्या ठिकाणी तुमचे दोन गुण हरवलेले आहेत.